आठ तारखेच्या नांग्या

एक जानेवारीला आमच्या घरमालकांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या, की ते मान वर न करता म्हणायचे, "आठला बघू."

पहिल्या वर्षी मला वाटलं, त्यांना ऐकू कमी येत असावं. राहुरीत मी नवी होते. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायची नोकरी लागली होती आणि ह्यांच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली होती. मी पुन्हा जरा मोठ्यानं "हॅपी न्यू इयर, काका" म्हटलं. ते म्हणाले, "ऐकलं की. आठला बघू म्हनलं ना." मग ते झाडाखाली पडलेले पेरू मोजायला लागले.

मोजण्याची त्यांना खोडच होती. जिन्याच्या पायऱ्या सतरा, गेटपासून दुधाच्या डेअरीपर्यंत तीनशे बारा पावलं. मी जिना उतरून खाली आले की, "सकाळपास्नं चारदा खोकलात, मॅडम," हे ऐकून घ्यावं लागे. जेवायला दीड भाकरी, पाहुणे असोत की सण असो. काकूंनी दुसरी पूर्ण भाकरी वाढली तर ते ती मोडून अर्धी परत टोपल्यात ठेवत. अंगणातल्या प्रत्येक झाडाशी एक लाकडी खुंटी ठोकलेली आणि तिच्यावर ऑइल पेंटनं नंबर. तुळस एक, पपई दोन, कढीपत्ता तीन. बंद पडलेल्या हापशालाही सात नंबर होता. "माझ्या कपाळाला तेवढा लावायचा राहिलाय," काकू म्हणायच्या.

हे सगळं नोकरीतून आलेलं. राहुरीच्या जवळ पूर्वी एका बियाण्याच्या कंपनीचं प्रयोगशेत होतं. तिथं काका सुपरवायझर होते. पुढं कंपनीनं गाशा गुंडाळला, शेत प्लॉट पाडून विकलं गेलं, काका घरी बसले. पण मनानं ते त्या वाफ्यांतून बाहेर आलेच नाहीत. शर्टाच्या खिशात पत्र्याची एक डबी असायची आणि तिच्यात हरभऱ्याचे दाणे. का, हे मला आठ जानेवारीला कळलं.

त्या सकाळी ते सतरा पायऱ्या चढून वर आले. कपाटावर मी एक कागद चिकटवला होता. त्यावर नव्या वर्षाचे सहा संकल्प, वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी. सकाळी सहाला चालायला जाणे, बिनसाखरेचा चहा, आईला रोज फोन, असे. काकांनी चष्मा लावून कागद वाचला आणि विचारलं, "कितीक उगवलं?"

मी म्हटलं, "काय कितीक उगवलं?"

"हे जे पेरलंय त्यातलं. पैली तारीख सोडून सांगा. ती कडंची ओळ हाय."

मला काहीच कळेना. मग त्यांनी पलंगावर बसून समजावलं. प्रयोगाच्या शेतात वाफ्याची कडेची ओळ मोजणीत धरत नाहीत. तिला ऊन-वारा जास्त मिळतो, त्यामुळं पीक तिथं नेहमीच झकास दिसतं. ती मोजली की माणूस फसतो. "एक तारखेला समद्यांचंच पीक जोमात असतं, मॅडम. आतली ओळ सांगा."

आतल्या ओळीची अवस्था बिकट होती. चालणं दोन दिवस, बिनसाखरेचा चहा तीन, आईला फोन एकदा, बाकी शून्य. कागद फाडून टाकायचं मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. आपल्याकडून काही होत नाही हे दर वर्षी साधारण सहा-सात तारखेला मला पटायचं आणि मग वर्षभर मी त्याच समजुतीवर जगायची. त्यांना तसं सांगितलंही.

"फाडता कशाला? नांग्या भरू की."

मला नांगी फक्त विंचवाची माहीत. पेरल्यावर आठ-दहा दिवसांनी शेतकरी ओळीनं फिरतो, बी जिथं उगवलेलं नसतं त्या रिकाम्या जागेला नांगी म्हणतात, आणि तिथं पुन्हा दाणा टोकायचा म्हणजे नांग्या भरायच्या, हे मला काकांकडून कळलं. "नांगी पडली म्हनून कुनी रान मोडीत न्हाई. आन नांगी भरायला कुनी नवं रानबी नांगरीत न्हाई. जिथं पडलीय तिथंच एक दाना."

मग चौकशी सुरू झाली. चालायला का जमलं नाही? सहाला थंडी असते. लॅबमधून घरी कशा येता? चालत, बाजारातून. "मंग येताना कालव्याकडनं या. दहा मिंटं जादा लागत्यात. झालं." आईला फोन का नाही? निवांत अर्धा तास मिळत नाही. "तीन मिंटं बोला. दाना बारकाच असतो." प्रत्येक नांगीमागं त्यांनी डबीतला एक हरभरा माझ्या तळहातावर ठेवला. उरलेल्या तीन संकल्पांवर बोट फिरवून म्हणाले, "ह्ये बी तुमच्या जमिनीचं न्हाई. सोडून द्या." आणि खाली गेले. ते हरभरे मी संध्याकाळी खाऊन टाकले, पण घरी कालव्याकडून आले.

आमच्या लॅबमध्ये जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे सुगी. एरवी डॉक्टरनं दहादा सांगितल्याशिवाय न येणारी माणसं उपाशीपोटी रांगेत उभी असतात, साखर तपासतात, कोलेस्टेरॉल तपासतात, नव्या बुटांकडं बघत बसतात. दहा तारखेला बाकं रिकामी. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते एवढे खूश झाले, की त्यांनी मला दोन पेरू दिले. त्यांच्या मते माणसाला खरी गरज आठ-दहा तारखेला असते आणि नेमकं त्याच दिवसांत त्याच्याकडं कुणी फिरकत नाही. म्हणून ते स्वतः फिरकायचे. आठ तारखेला आळीतली ठरावीक घरं घ्यायचे. पलीकडच्या गुरुजींनी तंबाखू सोडली होती आणि चौथ्या दिवशी शाळेच्या मागं जाऊन पुन्हा धरली होती. बायकोला तोंड दाखवायची त्यांना चोरी झालेली. काका त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले, "चार दिस उगवली हुती ना? मंग लाजता काय?" गुरुजींची तंबाखू काही सुटली नाही. पण ती शाळेच्या वेळात बंद झाली, आणि दोन वर्षांनी मी पाहिलं तेव्हा फक्त जेवणानंतर उरली होती.

काका काही संत वगैरे नव्हते. डोकं उठवायचे. न विचारता दार ढकलून आत यायचे, माझ्या ताटात डोकावायचे, पाणी सोडायची वेळ मिनिटानं चुकली तर टाकीशेजारी उभे राहून घड्याळ दाखवायचे. एकदा माझी मैत्रीण राहायला आली तर तिलाही त्यांनी विचारलं, "तुमचं कितीक उगवलं?" ती बिचारी घाबरली. तरीही सांगते, त्या तीन वर्षांत मला स्वतःचा कमी राग आला. आईशी तीन-तीन मिनिटं बोलता बोलता आमच्यातली जुनी अढी गेली. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी ते मोजलं असतं.

दुसऱ्या वर्षीच्या आठ तारखेला मी त्यांना सहज विचारलं, "काका, तुमची नांगी कुठली?"

ते डबी बंद करत म्हणाले, "माझी मुदत गेली. नांग्या दहा दिसांत भरायच्या. मागनं लावलेलं रोप शेजारच्यांच्या सावलीत ऱ्हातं, वर येत न्हाई." एवढं बोलून ते पपईला पाणी घालायला गेले, आणि पपईला पाणी सकाळीच घालून झालं होतं.

काकूंनी मला सांगितलं ते भाजी निवडताना. प्रयोगशेतावर तिसगावकडचा एक माणूस रोजंदारीवर होता. बायको-मुलांसकट तिथंच खोपटात राहायचा. काकांचा उजवा हात. त्या वर्षी हरभऱ्याच्या नव्या वाणाची उगवण तपासायची होती. शंभर दाणे टोकायचे आणि किती वर येतात ते बघायचं. म्हणजे तिथल्या नांग्या हेच उत्तर. त्यांना हात लावायचा नाही. पण ह्या माणसानं नेहमीच्या रानाबरोबर त्या वाफ्यांतल्याही नांग्या भरून टाकल्या. वरची साहेब मंडळी आली तेव्हा ओळी भरगच्च, पण रोपं लहानमोठी. चोरी लगेच कळली. दोन वर्षांचा प्रयोग पाण्यात गेला, आणि त्या माणसाला त्याच दिवशी काढलं.

"न विचारता भरल्या त्यानं," काकू म्हणाल्या. "शेतकऱ्याचा हात तो. रिकामी जागा दिसली की थांबतुय व्हय? ह्यांनाच त्याच्या चुकीचा कागद लिहून द्यावा लागला. तवापास्नं ह्यांच्या जिवाला लागलंय. त्याला एकदा भेटून यायचं म्हनत्यात. दर आठला म्हनत्यात, आन नऊला गप. धड झोप न्हाई, धड जेवान न्हाई. लोकांच्या नांग्या भरत हिंडायचं, आन आपलं रान तसंच. आता सत्तरी आली. कवा जायचं?"

तिसऱ्या वर्षी आठ तारखेला मी त्यांच्याआधी उठले. एक दिवसाची रजा टाकली होती. खाली जाऊन त्यांचं दार न विचारता ढकललं आणि म्हटलं, "काका, आठ तारीख. साडेसातची नगरची गाडी आहे, तिथून तिसगावला पाथर्डीची मिळेल." खरं सांगायचं तर त्यात माया कमी आणि त्यांच्यावर उलटवण्याची गंमत जास्त होती. ते नाही म्हणणार ह्याची मला खात्री होती. काकू मात्र ओट्याजवळून म्हणाल्या, "भाकरी बांधलीय." म्हणजे त्यांनाही सुगावा लागला होता. काकांनी आमच्या दोघींकडं पाहिलं, डबी खिशात घातली आणि चपला शोधायला लागले.

बसमध्ये ते खिडकीशी बसले. करंजीचा घाट लागला तशी वळणं मोजत असावेत, ओठ हलत होते. तिसगावच्या स्टँडवर एका हॉटेलात चौकशी केली तेव्हा त्या माणसाचं रान लगेच सापडलं. अर्धा तास चालत गेलो. भोवतीची रानं कोरडी, आणि मधे विहिरीशेजारी एकरभर कांदा हिरवागार.

तो माणूस वाफ्यात उकिडवा बसला होता. डाव्या हातात कांद्याच्या रोपांची जुडी, उजव्या हाताच्या बोटानं ओली माती उकरून तो मधल्या रिकाम्या जागांत एकेक रोप लावत होता. पलीकडच्या वाफ्यात त्याची बायको तेच करत होती. आठ जानेवारीला ही दोघं खरोखरच नांग्या भरत होती. मला हसू आलं. काकांना नाही आलं.

"साहेब?" तो माणूस म्हणाला. उठला नाही. बायकोनं पदर सारखा केला आणि ती आमच्याकडं पाहत राहिली.

काका बांधावर उभे. मला वाटलं, आता ते म्हणतील, मला कागद लिहावा लागला, माझा नाइलाज होता. मोठ्या मनाचा साहेब, चुकलेला मजूर, चहा, निरोप. मी मनाशी सगळं रचून ठेवलं होतं.

काका म्हणाले, "त्या दिशी नांग्या भर म्हनून मीच बोललो हुतो. जाता जाता बोललो. ह्ये रान न् ते रान, एकाच हातानं दावलं. सवयीनं. तू इचारलंसबी, ह्यातल्याबी का? मी व्हय म्हनलो. माझं ध्यान नव्हतं. नंतर कागदावर तुझं नाव लिवलं."

"ठाव हाय," तो माणूस म्हणाला.

"मंग तवा बोलला का न्हाईस?"

"कुनाला बोलायचं? काय सांगायचं ते तुमालाच सांगायचं, असंच हुतं की तिथं."

वीस वर्षं ह्या गोष्टीत चूक त्या माणसाची होती. काकूंनासुद्धा तसंच सांगितलेलं. ज्याच्याकडून मी तीन वर्षं नांग्या भरायला शिकले, त्या काकांचा मला तिथं बांधावर सणसणीत राग आला. आळीभर लोकांना हरभरे वाटत फिरायचं आणि पोटात हे! परतीच्या बसला ह्यांना एकट्याला बसवावं असंही मनात येऊन गेलं.

तो माणूस मात्र रोपं लावतच होता. मान खाली घालूनच म्हणाला, "सात हंगाम ऊसतोडीला कोयता हानला आमी दोघांनी. थोरलीची शाळा तवाच सुटली. हुशार हुती. तिला आता लेकरं हायत." मग पुढच्या जागेत बोट खुपसत, "ती काय भरून येत न्हाई, साहेब."

"न्हाई येत," काका म्हणाले. "चुकलं माझं. ह्ये म्हनायलाबी वीस वर्सं लावली."

तो माणूस जाऊ दे म्हणाला नाही, झालं गेलं विसरा म्हणाला नाही. त्याची बायको मला म्हणाली, "बाई, तुमी उनात का उभ्या? तिकडं सावलीत बसा." मी हलले नाही. पुढं काय होतंय ते मला पाहायचं होतं. विहिरीवरची मोटर तेवढी चालू होती.

मग त्या माणसानं हातातली जुडी मोडली आणि अर्धी रोपं काकांच्या पुढं बांधावर टाकली. "आलाच हाय तर त्यो वाफा घ्या."

काका चपला काढून वाफ्यात उतरले. गुडघे दुखायचे त्यांचे, उकिडवं बसता येईना, म्हणून सरळ चिखलात मांडी घातली. पांढरं धोतर नेसून आले होते. एक रोप लावलं, दुसरं लावलं. हात सराईत होता. चार-पाच झाल्यावर त्यांच्यातला सुपरवायझर जागा झालाच. मातीत बोट खुपसून ते म्हणाले, "लावून किती दिस झाले?"

"वीस."

"वीस? उशीर केलास. ही मागं ऱ्हातील. फुगायची न्हाईत."

"ऱ्हाऊ द्या मागं," तो माणूस म्हणाला. "बारका कांदा हुतो त्याचा. मोठा बाजारात जातो. बारका आमी घरला खायाला ठिवतो."

काकांचा हात थांबला. त्यांनी त्या माणसाकडं पाहिलं, तर तो पुढच्या जागेकडं सरकला होता. काकांनी मग वाफा पुरा केला. तास-दीड तास लागला असेल. किती रोपं लावली हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. आणलेल्या भाकरी पाचव्या माणसालाही पुरतील एवढ्या होत्या, त्या आम्ही चौघांनी विहिरीजवळ बसून खाल्ल्या. बोलणं पाण्याचं, कांद्याच्या रोपाचं, तिथल्या रस्त्याचं झालं. निघताना तो माणूस फाट्यापर्यंत आला नाही. बांधावरूनच "बरं" म्हणाला.

येताना बसमध्ये काका एकच वाक्य बोलले, "हिला घरी गेल्यावर सांगायला पायजे." ते त्यांनी सांगितलं. दोन दिवस काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अंगणातून आवाज आला, "आहो, पानी आलंय, टाकी सोडा," तेव्हा मला बरं वाटलं. माझा राग मात्र जरा जास्त टिकला. त्यांनी वर यायचं बंद केलं होतं. महिन्याभरानं एकदा मीच खाली जाऊन सांगितलं, "काका, चार दिवस कालव्याकडून आले नाही." ते डबी शोधायला लागले. ती शर्टाच्याच खिशात होती.

मे महिन्यात मला पुण्यात नोकरी मिळाली आणि मी खोली सोडली. सामान बांधलेलं, म्हणून शेवटचं जेवण खाली काकूंकडं होतं. त्याच दुपारी एसटीच्या कंडक्टरबरोबर एक पिशवी आली होती. कुणाची, हे पिशवीवर लिहिलेलं नव्हतं. काकूंनी ती स्वयंपाकघरात ओतली. सगळे कांदे लिंबाएवढे, एकही त्याहून मोठा नाही.

"समदे बारकेच पाठवलेत," काकू म्हणाल्या. एवढ्या लांबून पाठवायचे तर निवडून तरी पाठवायचे, असं त्यांच्या मनात असावं.

काकांनी त्यातला एक उचलला, पाटावर ठेवून मुठीनं फोडला, आणि भाकरीबरोबर खाल्ला. मग दुसरा फोडला.

"व्हय," ते म्हणाले. "बारकेच पाठवलेत." आणि त्यांनी दुसरी भाकरी मागितली. अख्खी.